सेवेचे चाक

महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावात प्रवेश करताना वेशीपाशी अथवा बसस्थानकाजवळच्या चौकात दातेरी चाकाचे चिन्ह असलेला एक फलक पुष्कळदा दृष्टीस पडतो. त्याच्या शेजारी कधी कधी दुसराही फलक असतो. त्यावर परस्परविरुद्ध दिशांना पाहणारी सिंहाची दोन मुखे रंगविलेली असतात. पहिला फलक रोटरी क्लबचा आणि दुसरा लायन्स क्लबचा. स्थानिक वर्तमानपत्राच्या आतील पानावर या मंडळांची लहान लहान वृत्तेही येत असतात. कोठे नेत्रचिकित्सेचे शिबिर भरलेले असते, कोठे रक्तदान झालेले असते, कोठे शाळेला बाके मिळालेली असतात, तर कोठे नव्या अध्यक्षांनी पदाची सूत्रे स्वीकारलेली असतात. वाचक त्यावर ओझरती नजर टाकतो आणि पान उलटतो. एवढ्याशा वृत्तात सांगण्याजोगे असे काय असणार, असे त्यास वाटते.

तथापि अशाच लहान लहान वृत्तांची साखळी जुळत गेली म्हणजे तिच्यातून कधी कधी फार मोठे कार्य उभे राहते. पोलिओच्या निर्मूलनाची हकीकत हे त्याचे ठळक उदाहरण होय. ती समजून घेण्यासाठी या मंडळांचा जन्म कसा झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शिकागो हे शहर झपाट्याने वाढत होते. दूरदूरच्या खेड्यांतून माणसे पोटासाठी तेथे येत. परंतु त्या गर्दीत कोणी कोणाचा नसे. पॉल हॅरिस नावाचे एक तरुण वकील तेथे राहत असत. त्यांचे बालपण व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी आजी-आजोबांच्या घरी गेले होते. खेड्यातील शेजारधर्माचा ओलावा या महानगरात कोठेच नाही, ही खंत त्यांना सतावीत असे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी संध्याकाळी ते आणि त्यांचे तीन परिचित एका कचेरीत एकत्र जमले. त्या तिघांपैकी एक खाणींचे अभियंता, एक कोळशाचे व्यापारी आणि एक कपडे शिवण्याचा व्यवसाय करणारे होते. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी ठराविक दिवशी एकत्र यावे आणि परस्परांशी स्नेह जोडावा, असे त्यांनी ठरविले. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरत असे. फिरत्या बैठकीचे हे मंडळ म्हणून त्याला ‘रोटरी’ म्हणजे फिरते हे नाव पडले.

आरंभी या मंडळाचा हेतू फारसा उदात्त नव्हता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. सभासदांनी एकमेकांशी मैत्री करावी आणि एकमेकांच्या धंद्यास हातभार लावावा, एवढेच त्याचे स्वरूप होते. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलांना सभासद होण्याचे निमंत्रण मिळाले. मंडळाची नियमावली पाहून त्यांनी ते नाकारले. जी संस्था केवळ आपल्याच सभासदांचे हित पाहते आणि नगरासाठी काहीच करीत नाही ती फार काळ टिकणार नाही, असे त्यांचे मत पडले. हा नकार मंडळाने मनाला लावून घेतला. पण रागाने नव्हे, तर विचाराने. नियमावलीत नगराच्या हिताचे नवे कलम घालण्यात आले आणि पुढे कार्टर स्वतः सभासद झाले.

त्यानंतर मंडळाने हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी कार्य दिसण्यास अगदी सामान्य होते. शिकागोच्या भर वस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृहे नव्हती. बाजारात आलेल्या माणसाला एक तर मद्यालयाचा आश्रय घ्यावा लागे, नाही तर मोठ्या दुकानात शिरावे लागे. १९०७ साली मंडळाने सार्वजनिक स्वच्छतागृहांची मागणी लावून धरली. मद्याचे व्यापारी आणि दुकानदार यांनी तिला विरोध केला, कारण त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक त्यामुळे कमी होणार होते. तरीही मंडळाने नेट सोडला नाही आणि अखेर नगरात स्वच्छतागृह उभे राहिले. ज्या कार्यात मिरविण्यासारखे काहीच नाही, परंतु ज्याची लोकांना नित्य गरज आहे, अशा कार्याने सेवेचा श्रीगणेशा झाला.

मंडळाच्या चिन्हाची कथाही मोठी बोधप्रद आहे. प्रारंभी ते गाडीचे साधे चाक होते. पुढे त्याला चोवीस दाते आणि सहा आरे असलेल्या यंत्रचक्राचे रूप देण्यात आले. तेव्हा त्या चाकात एक उणीव असल्याचे ध्यानात आले. यंत्रातील चाक मधल्या दांड्यावर घट्ट बसण्यासाठी त्याच्या भोकाला एक खाच असावी लागते. त्या खाचेत पाचर बसते आणि मगच चाकाची गती दांड्याला व दांड्याची गती चाकाला मिळते. खाच नसलेले चाक नुसतेच गरगर फिरते. त्यापासून कोणतेही काम होत नाही. म्हणून १९२० नंतरच्या दशकात चिन्हामध्ये ती खाच दाखविण्यात आली. सेवामंडळांच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या छोट्याशा खाचेत साठविलेले आहे. बैठका, भाषणे, सत्कार आणि स्नेहभोजने यांनी मंडळ फिरत राहते. परंतु लोकांच्या गरजेशी ते जखडले गेले, तरच त्याच्या फिरण्याचा उपयोग.

शिकागोमागून अन्य नगरांतही अशी मंडळे निघाली. हिंदुस्थानात कलकत्ता येथे पहिले रोटरी मंडळ १९१९ साली संघटित झाले आणि १९२९ साली मुंबईत मंडळ स्थापन झाले. पुढे ही चळवळ जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही पोहोचली. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी, कारखानदार असे नाना व्यवसायांचे लोक तिच्यात असतात. दर वर्षी १ जुलैला नवा अध्यक्ष सूत्रे हाती घेतो आणि वर्ष संपताच तो पुन्हा साधा सभासद होतो. एका प्रदेशातील पुष्कळ मंडळे मिळून एक प्रांत होतो आणि त्या प्रांतावरही एक प्रमुख एका वर्षापुरता नेमलेला असतो. पद कोणाच्याच मालकीचे नसते. काम मात्र पुढे चालू ठेवावे लागते.

लायन्स क्लबांचा उगमही शिकागोतच, मेल्व्हिन जोन्स यांच्या प्रयत्नाने, १९१७ साली झाला. १९२५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात भरलेल्या त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांचे भाषण झाले. बालपणीच दृष्टी आणि श्रवणशक्ती गमावलेल्या या विदुषीने सभासदांना अंधांच्या साहाय्यास धावून येण्याचे आवाहन केले. ते आवाहन वाया गेले नाही. १९३० साली पिओरिया या नगरातील लायन्स सभासदांनी अंधांच्या हातातील काठी पांढऱ्या रंगाने रंगविली आणि तिच्यावर तांबडा पट्टा ओढला. काळ्या रंगाची काठी वाहने हाकणाऱ्यांच्या नजरेत भरत नव्हती. पांढरी काठी दुरूनही ओळखू येऊ लागली. भारतात या क्लबांचे कार्य १९५६ साली सुरू झाले. आपल्याकडे गावोगावी जी मोतीबिंदूची शिबिरे भरतात, त्यांच्यामागे पुष्कळदा हीच परंपरा असते.

या मंडळांच्या इतिहासात सर्वच उज्ज्वल आहे, असे मात्र नाही. रोटरी मंडळांत स्त्रियांना दीर्घकाळ सभासदत्व दिले जात नसे. १९७७ साली कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील मंडळाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. त्यामुळे त्या मंडळाची मान्यताच काढून घेण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिला. १९८९ साली संघटनेने आपली नियमावली बदलली आणि सर्व जगातील मंडळांची दारे स्त्रियांना खुली झाली. सेवेची भाषा बोलणाऱ्या संस्थेलाही आपल्या उंबरठ्यावरील अन्याय दिसण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली, ही गोष्ट विसरता कामा नये.

आता पोलिओच्या हकीकतीकडे वळू. पोलिओचा विषाणू दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे मुलाच्या पोटात जातो आणि आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांमध्ये त्याची कोणतीच खूण दिसत नाही. सुमारे दोनशेपैकी एका मुलाच्या मात्र मज्जातंतूंवर तो घाला घालतो आणि मुलाचा पाय कायमचा लुळा पडतो. काही वेळा श्वासोच्छ्वासाचे स्नायू निकामी होऊन मृत्यूही ओढवतो. या रोगावर औषध नाही. तो टाळणे एवढेच मनुष्याच्या हाती आहे. एक लुळे पडलेले मूल दिसले, म्हणजे विषाणू बाळगणारी शेकडो मुले आसपास असून ती ओळखू येत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच काही मुलांना लस देऊन भागत नाही; वस्तीतील प्रत्येक मुलापर्यंत ती पोहोचावी लागते.

२९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपीन्स देशात रोटरीच्या साहाय्याने बालकांना पोलिओची लस देण्यास प्रारंभ झाला. तेथील साठ लक्ष बालकांना लस देण्याचा संकल्प होता. त्या अनुभवाने धीर येऊन १९८५ साली साऱ्या जगासाठी मोहीम आखण्यात आली. बारा कोटी डॉलर जमविण्याचे ठरले होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लक्ष डॉलर जमले. ही रक्कम काही थोड्या धनिकांनी दिलेली नव्हती. जगातील हजारो मंडळांच्या सभासदांनी ती थोडी थोडी करून गोळा केली होती. १९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओच्या संपूर्ण निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी १२५ देशांत दर वर्षी सुमारे साडेतीन लक्ष मुले या रोगाने पंगू होत होती.

भारतात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. ठरविलेल्या एकाच दिवशी देशभरातील पाच वर्षांखालील मुलांच्या तोंडात लशीचे दोन थेंब घालावयाचे, असा तिचा क्रम होता. एका फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना लस दिली जाई आणि त्यासाठी २३ लक्षांच्या आसपास कार्यकर्ते राबत. लस सतत थंड ठेवावी लागे. बर्फाच्या पेट्या खांद्यावर घेऊन कार्यकर्ते होडीतून, बैलगाडीतून आणि पायी वस्त्यांवर जात. लस मिळालेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण केली जाई. घरातील सर्व मुलांना लस मिळाली की नाही, हे दारावर खडूने लिहून ठेवले जाई. एखादे घर राहून गेले असेल, तर कार्यकर्ते पुन्हा तेथे जात. सरकारी आरोग्यसेवक आणि अंगणवाडीसेविका हे या कामाचा मुख्य भार वाहत होते. गावोगावच्या सेवामंडळांचे सभासद केंद्रावर मंडप घालीत, वाहने पुरवीत, घरोघर जाऊन आयांना केंद्रावर येण्याची आठवण करीत आणि अनेकदा स्वतः थेंबही पाजीत.

या कार्यात मुंबईचाही वाटा आहे. परळच्या हाफकिन संस्थेतून देशभर लस पाठविली जाई. तसेच अचानक लुळ्या पडलेल्या मुलांच्या मलाचे नमुने मुंबईतील विषाणू संशोधन केंद्रात तपासले जात आणि विषाणू कोणत्या जातीचा आहे व कोठून आला आहे, याचा माग तेथे काढला जाई. रोग कोठे दडून बसला आहे, हे कळल्यावाचून त्याचा पाठलाग करता येत नाही.

तरी शेवटचा टप्पा फार बिकट ठरला. उत्तर प्रदेश आणि बिहार या राज्यांतील दाट वस्ती, अशुद्ध पाणी आणि वारंवार होणारे अतिसार यांमुळे लशीचा पुरेसा परिणाम होत नसे. एकाच मुलाला अनेक वेळा लस द्यावी लागे. कोसी नदीच्या पुराने वेढलेल्या वस्त्यांपर्यंत पोहोचणे कठीण होते. कामाच्या शोधात भटकणाऱ्या मजुरांची मुले कोणत्याच गावाच्या यादीत नसत. त्यांना गाठण्यासाठी रेल्वेस्थानकांवर, बसस्थानकांवर आणि विटांच्या भट्ट्यांवर पथके ठेवण्यात आली. त्यातच लशीमुळे पुढे मुले होत नाहीत, अशी अफवा पसरली आणि कित्येक आईबापांनी कार्यकर्त्यांच्या तोंडावर दारे लावली. येथे दटावून उपयोग नव्हता. ज्यांच्या शब्दावर लोकांची श्रद्धा होती, त्यांनाच साद घालणे आवश्यक होते. रोटरीने उत्तर प्रदेशात मुस्लिम धर्मपंडितांची एक समिती स्थापन केली. त्या पंडितांनी आपल्या समाजाला लशीचे महत्त्व समजावून दिले. बंद झालेली दारे हळूहळू उघडू लागली.

२००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रोगी आढळले होते. त्या वर्षी जगात आढळलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी एकट्या भारतातील होते. भारतातून हा रोग कधीच जाणार नाही, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. परंतु २०१० साली ही संख्या ४२ वर आली आणि २०११ साली अवघा एकच रोगी आढळला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एक बालिका या रोगाने पंगू झाली. त्यानंतर भारतात या रोगाच्या नैसर्गिक विषाणूने एकही मूल पंगू झालेले नाही. तीन वर्षे डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवल्यानंतर २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे घोषित केले.

हावड्याची ती बालिका या यशाच्या अगदी उंबरठ्यावर सापडली. तिच्यापूर्वी कोट्यवधी मुलांना लस मिळाली होती. तिला मात्र मिळाली नव्हती. आकडेमोडीत एक हा आकडा नगण्य ठरतो. परंतु ज्या घरातील मूल लुळे पडते, त्या घराला तो एक आकडाच सर्वस्व असतो. नव्व्याण्णव मुलांपर्यंत पोहोचलेल्या कार्यकर्त्याने शंभराव्या दारापर्यंत का जावे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

पोलिओविरुद्धची ही लढाई अद्यापि पूर्ण झालेली नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोन देशांत या विषाणूचे ठाणे २०२५ सालीही उठलेले नव्हते. एका देशात रोग शिल्लक आहे, तोपर्यंत कोणताही देश निर्धास्त राहू शकत नाही. म्हणूनच भारतातही मुलांना लस देण्याचे काम थांबलेले नाही.

या यशाचे श्रेय कोणा एका संस्थेचे नाही. शास्त्रज्ञांनी लस शोधली, शासनाने यंत्रणा उभारली, आंतरराष्ट्रीय संघटनांनी मार्गदर्शन केले आणि असंख्य सेविकांनी ऊन-पावसाची पर्वा न करता दारे ठोठावली. सेवामंडळांनी या सर्वांच्या जोडीने आपला पैसा, वेळ आणि आपल्या गावातील ओळख कामी लावली. दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून काम करणे आणि श्रेय वाटून घेणे, हीही सेवेचीच एक परीक्षा आहे.

सेवा करण्यासाठी मनुष्याने सर्वसंगपरित्याग केला पाहिजे, असे नाही. आपला व्यवसाय सांभाळून, आठवड्यातील काही घटका नेमाने समाजाला देणाऱ्या सामान्य माणसांच्या हातूनही मोठे कार्य होऊ शकते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली गोष्ट सातत्य. फिलिपीन्समधील पहिल्या थेंबापासून भारतातील अखेरच्या रोग्यापर्यंत एकतीस वर्षे लोटली. तेवढ्या काळात कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले, काम मात्र थांबले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लोकांच्या खऱ्या गरजेची जाण. छायाचित्रासाठी लावलेले रोप पुढच्या उन्हाळ्यात वाळून जाते. पाणी घालणारा हात रोज लाभला, तरच त्याचा वृक्ष होतो. गावच्या वेशीवर चाक रंगविणे सोपे आहे. ते चाक कोणाच्या तरी गरजेशी जोडून फिरवीत राहणे, हेच खरे काम होय.

स्वाध्याय

१. डोनाल्ड कार्टर यांनी सभासदत्व का नाकारले? त्यांच्या नकाराचा मंडळावर कोणता परिणाम झाला?

२. चाकाला खाच नसेल तर काय होते? लेखात या खाचेचा उल्लेख कोणत्या अर्थाने केला आहे?

३. पोलिओची लस प्रत्येक मुलाला मिळणे का आवश्यक असते, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये कोणत्या अडचणी आल्या आणि त्या कशा दूर करण्यात आल्या?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : श्रीगणेशा होणे, नेट न सोडणे, डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणे, खांद्याला खांदा लावणे.

६. आपल्या गावातील एखाद्या सेवामंडळाच्या सभासदांना भेटा. त्यांनी गेल्या वर्षी कोणती कामे केली आणि त्यांतील कोणती आजही चालू आहेत, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.